वाड्याचे नेपथ्य भाड्याने घेताना : मागच्या बाजूचा अनुभव

आमच्या हौशी नाट्यसंस्थेने पुण्यातील एका कंत्राटदाराकडून दुमजली वाड्याचे नेपथ्य भाड्याने घेतले होते. ते देखणे होते यात वाद नाही. मला लिहायचे आहे ते प्रेक्षकांना न दिसणाऱ्या त्याच्या मागच्या बाजूविषयी, कारण नटांचा आणि रंगमंच कामगारांचा जीव तिथेच टांगणीला लागलेला असतो.

माडीची लेव्हल, म्हणजे नट ज्यावर उभे राहतात तो मंच, सुमारे 7 फूट उंच होती. चौकट खिळ्यांवर न भागवता नटबोल्टने आवळलेली होती. पुढच्या बाजूला नक्षीदार कठडा होता आणि मागच्या बाजूलाही, जिथे कोणाला दिसत नाही म्हणून कठडा लावण्याची तसदी सहसा घेतली जात नाही, तिथे कमरेच्या उंचीवर लोखंडी पाइप बसवलेला होता. ब्लॅकआउटमध्ये, म्हणजे रंगमंचावर पूर्ण अंधार असताना, माडीवरून उतरावे लागते, हे लक्षात घेऊन प्रत्येक पायरीच्या कडेला पांढरी पट्टी चिकटवली होती. रंगीत तालमीच्या आधी मुकादमाने स्वतः माडीवर चढून दणादण पाय आपटले, मागचा एक ब्रेस (चौकटीला मागून आधार देणारा तिरपा दांडा) किंचित सरकताच काम थांबवले, त्यावर आणखी वजन ठेवले आणि पुन्हा चढून खात्री केल्यावरच नटांना वर जाऊ दिले. इतकी काळजी घेणारी माणसे मला या व्यवसायात फार थोडी भेटली आहेत.

आगीच्या बाबतीत मात्र हीच दक्षता दिसली नाही. भिंती जुन्या व खडबडीत वाटाव्यात म्हणून फ्लॅटवर (भिंत म्हणून उभ्या केलेल्या चौकटींवर) गोणपाट ताणून रंगवले होते आणि त्याला अग्निरोधक लेप दिला आहे का, या प्रश्नाला ‘आजवर काही झाले नाही’ यापलीकडे उत्तर शेवटपर्यंत मिळाले नाही. हजार वॅटचे दोन दिवे त्याच्या अगदी जवळ येत होते. ते आमच्या प्रकाशयोजनाकाराने हलवले. म्हैसूरच्या प्रीमियर स्टुडिओत 1989 साली एका ऐतिहासिक दूरदर्शन मालिकेच्या सेटला आग लागून 62 जणांचा मृत्यू झाला. तिथेही भिंतींना गोणपाट होते आणि तापलेले मोठे दिवे होते. हे ठाऊक असताना ‘आजवर काही झाले नाही’ हे उत्तर मला मान्य होण्यासारखे नाही.

भाडे इतरांपेक्षा जास्त आहे, पण उभारणीसाठी पुरेशी माणसे येतात, तेव्हा ते रास्त वाटते. उंच लेव्हलचे नेपथ्य हवे असेल तर यांच्याकडे जरूर जावे. मात्र गोणपाट नको, हे ठरावाच्या कागदावरच लिहून घ्यावे.