शंकरनगरची इनहेरिटन्सची रविवार बॅच: सहा आठवड्यांचा अनुभव

सुभाषनगरहून मेट्रोनं शंकरनगरला उतरायचं, तिथून पायी पाच मिनिटं. एका घराच्या वरच्या मजल्यावर प्रोग्रामिंगमधल्या इनहेरिटन्सची, म्हणजे एका क्लासनं (प्रोग्राममधल्या साच्यानं) दुसऱ्याचे गुण वारशानं घेण्याची, ही शिकवणी भरते. सहा रविवार, सकाळी ८ ते ११, फी ४,५०० रुपये. मे महिन्यात नागपुरात हीच वेळ जमते. अकराला निघतानाही तोंडाला दुपट्टा बांधावाच लागतो.

जावा या प्रोग्रामिंग भाषेवर पाच वर्षं काम करून मी मुलांसाठी घरी थांबले होते, आता परत नोकरी शोधते आहे. इनहेरिटन्स आपल्याला येतं असं धरूनच गेले होते. पण इथं तो एकच विषय वेगवेगळ्या भाषांत शेजारी शेजारी मांडून शिकवतात, आणि पैसे तिथंच वसूल होतात.

तिसरा रविवार सांगते. सरांनी फळ्यावर 'पावती' हा पॅरेंट, म्हणजे वारसा देणारा, क्लास लिहिला. त्याच्या कन्स्ट्रक्टरमधूनच, म्हणजे ऑब्जेक्ट (साच्यातून बनणारी वस्तू) तयार होताना चालणाऱ्या भागातूनच, 'छापा' ही मेथड (क्लासचं एक काम) बोलावलेली. 'करपावती' हा चाइल्ड, म्हणजे वारसा घेणारा, क्लास. त्यात 'दर' ही साधी स्ट्रिंग (मजकूर), जागेवरच '१८ टक्के' दिलेली, आणि 'छापा' ओव्हरराइड करून, म्हणजे स्वतःची वेगळी लिहून, तो दर छापायचा. मग हाच प्रोग्राम तीन भाषांत चालवला. सी प्लस प्लसमध्ये पॅरेंटचीच 'छापा' चालली, कारण पॅरेंटचा कन्स्ट्रक्टर चालू असताना चाइल्डचा भाग अजून तयारच नसतो. जावात चाइल्डची चालली, पण दराच्या जागी नल, म्हणजे काहीच न भरलेली किंमत. सी शार्पमध्येही चाइल्डचीच, आणि तिथं '१८ टक्के' नीट छापून आले, कारण त्या भाषेत चाइल्डच्या फील्डना ('दर'सारख्या जागांना) दिलेल्या किमती पॅरेंटच्या कन्स्ट्रक्टरआधी भरल्या जातात.

तो नल बघून मी गप्पच झाले. जुन्या नोकरीत अशाच एका नलपायी मी दोन रात्री जागले होते, शेवटी काहीतरी जुगाड करून वेळ मारून नेली होती. कारण कळलं ते आता, इतक्या वर्षांनी.

डायमंडचा, म्हणजे दोन वाटांनी एकाच पूर्वजाकडे जाणाऱ्या वारशाचा, भागही असाच पक्का झाला. दोन पॅरेंटचा आजोबा एकच असेल तर सी प्लस प्लसमध्ये 'व्हर्च्युअल' हा शब्द न लिहिल्यास नातवाकडे आजोबांच्या दोन प्रती येतात. जावानं एकाहून जास्त पॅरेंट क्लासची भानगडच ठेवली नाही, इंटरफेस (कोणत्या मेथड हव्यात ते सांगणारा करार) मात्र कितीही घ्या. पायथनमध्ये सगळ्या पूर्वजांची एक ओळ लागते आणि 'सुपर' त्या ओळीतल्या पुढच्याला हाक मारतो. तो आपला पॅरेंटच असेल असं नाही! हे सरांनी वंशावळ काढून, प्रत्येकाला फळ्याशी बोलावून करून घेतलं. १९६७ च्या सिम्युला भाषेपासून क्लास-सबक्लासची कल्पना कशी आली तेही सांगितलं, पण थोडक्यात.

आता तक्रार. जावास्क्रिप्टला जेमतेम चाळीस मिनिटं मिळाली. तिथं २०१५ पासून 'क्लास' लिहिता येत असला तरी खाली प्रोटोटाइपच असतो. म्हणजे वारशासाठी एक ऑब्जेक्ट दुसऱ्या ऑब्जेक्टकडे बोट दाखवतो. त्याला अख्खा रविवार हवा. गो आणि रस्ट या भाषांत क्लासचं इनहेरिटन्सच नाही, मग तिथले लोक काम कसं भागवतात, हे तर राहूनच गेलं. शिवाय कूलरच्या आवाजात मागच्या बाकावर अर्धं ऐकू येत नाही, पुढंच बसा.

अगदी नवख्यांनी आधी एखादी भाषा हातात बसवून मग यावं. माझ्यासारख्यांनी खुशाल नाव घालावं. मी सरांना प्रोटोटाइपसाठी सातवा रविवार मागितला आहे. जूनच्या बॅचला ठेवतो म्हणाले. त्या दिवसापुरती मी परत जाणार आहे.