खल की कुपी? होमिओपॅथीची औषधं हाताने करायला शिकवणाऱ्या दोन कार्यशाळा

निसर्गातल्या वस्तूंपासून होमिओपॅथीची औषधं स्वतःच्या हाताने करून बघायच्या कार्यशाळा ढोबळमानाने दोन प्रकारच्या असतात. एकीत ताज्या वनस्पतीचा मूळ अर्क काढतात आणि तो पायरीपायरीने पातळ करत, कुपीला ठोके देत देत वरच्या पोटेन्सीपर्यंत, म्हणजे आणखी पातळ पायरीपर्यंत नेतात. दुसरीत खनिज, शिंपला, धातू किंवा एखादी कोरडी वस्तू दुधाच्या साखरेबरोबर (लॅक्टोज) खलात तासन्‌तास घोटतात. मी दोन्ही प्रकार केले, प्रत्येकी दोनदा. एकाच कार्यशाळेपुरती सवड असेल तर कुठली निवडावी, असं बरेच जण विचारतात, त्यांच्यासाठी हे लिहितोय. आकडे सगळे सेंटेसिमल, म्हणजे ‘सी’चे आहेत: दर पायरीला शंभरात एक भाग, आणि सहा सी म्हणजे अशा सहा पायऱ्या.

अर्काच्या कार्यशाळेची सकाळ फार सुंदर जाते, हे पहिल्यांदा कबूल करतो. आम्हाला कॅलेंड्युलाची फुलं दिली होती. देठ वेगळे करायचे, फुलं बारीक चिरायची, वजन करायचं. बोटांना चिकट राळ लागते आणि तिचा वास दिवसभर जात नाही. मग अल्कोहोल किती घालायचं याचा हिशेब. ताज्या वनस्पतीत स्वतःचं पाणी असतं आणि ते धरलं नाही तर अर्क पातळ होतो, म्हणून थोडा नमुना वाळवून त्यात पाणी किती ते आधी ठरवतात. होमिओपॅथीचा जनक हानेमान, त्याने ताजा रस काढून लगेच तेवढंच अल्कोहोल मिसळायला सांगितलं आहे. रस भरपूर निघतो तिथे ते सोपं जातं. फुलं, खोडं, मुळं यांना मात्र मुरत ठेवावं लागतं.

आणि इथेच माझं घोडं अडलं.

मुरायला साधारण दोन आठवडे लागतात, पुष्कळदा त्याहून जास्त. कार्यशाळा एका दिवसाची. म्हणजे होतं असं, की दुपारपर्यंत आपण आपली बरणी भरतो, तिच्यावर नाव आणि तारीख लिहितो आणि ती बाजूला ठेवून देतो. मग शिकवणारे कपाटातून दुसरीच एक बाटली काढतात. कुणीतरी, कधीतरी मुरवून, गाळून ठेवलेला अर्क. दुपारचं सगळं काम त्या अर्कावर चालतं. संध्याकाळी आपल्या हातात सहा सीची कुपी येते, पण सकाळी आपण चिरलेल्या फुलांचा त्या कुपीशी काडीचाही संबंध नसतो. मी ज्या फुलांचं वजन केलं ती बरणीत पडून आणि ज्यावर हात दुखेपर्यंत ठोके दिले त्याचं झाडसुद्धा मी पाहिलेलं नाही.

हे ऐकायला क्षुल्लक वाटेल. मलाही पहिल्या दिवशी तसंच वाटलं होतं. घरी आल्यावर कुपीवर चिठ्ठी लावायला बसलो आणि ‘कशापासून केलं’ या रकान्यात काय लिहावं ते कळेना. हाताने करून बघायला म्हणून गेलो होतो आणि साखळीतला नेमका मधला दुवा दुसऱ्याचा होता.

दुसऱ्या वेळी मी आधीच विचारलं. त्या आयोजकांनी प्रामाणिकपणे सांगितलं, की बरणी घरी न्या, रोज हलवा, मुदत भरल्यावर गाळा आणि पुढच्या पायऱ्या तुमच्या तुम्ही करा. मी केलं ते. गाळणं जमलं. पण त्यानंतर मोजायची नळी आपली, अल्कोहोल आपलं, शंका आल्या तर विचारायला कोणी नाही, आणि शिकलेलं निम्मं विसरलेलं. तिसऱ्या कुपीशी मी थांबलो. दोष कुणाचाच नाही. वनस्पतीला जेवढा वेळ लागतो तेवढा लागतोच. पण एका दिवसाच्या कार्यशाळेत तो वेळ बसत नाही, ही या प्रकाराची अंगभूत अडचण आहे.

ठोक्यांबद्दलही एक सांगून ठेवतो, कारण त्यावरून हमखास गोंधळ होतो. एक शिक्षक दहा ठोके सांगतात, दुसरे शंभर. खुद्द हानेमाननेच मत बदललेलं आहे. त्याच्या ‘ऑर्गॅनन’ या ग्रंथाच्या 1833 च्या पाचव्या आवृत्तीत ताज्या रसापासून पोटेन्सी करताना प्रत्येक पायरीला दोनच ठोके आहेत. सहावी आवृत्ती त्याने 1842 मध्ये पुरी केली, ती छापली गेली थेट 1921 मध्ये. तिच्यातल्या नव्या पद्धतीत कातडी बांधणीच्या पुस्तकासारख्या टणक पण लवचिक वस्तूवर शंभर. शिवाय दर पायरीला नवी कुपी घ्यायची त्याची रीत पाळली तर तीस सीसाठी तीस कुप्या लागतात. म्हणून बऱ्याच ठिकाणी कोर्साकोव्ह नावाच्या होमिओपॅथची एका कुपीची पद्धत वापरतात: कुपी पालथी करून ओतायची, काचेला जे चिकटून राहील तो एक भाग धरायचा आणि वर नव्याण्णव भाग ओतायचे. सोयीचं आहे. मला मात्र तो ‘चिकटून राहील तो एक भाग’ कधीच पटला नाही. कुपीचा आकार बदलला की तो भाग बदलणार.

आता खल.

खलाच्या कार्यशाळेत सुरुवातीला काहीच आकर्षक नसतं. समोर चिनी मातीचा खल, बत्ता, एक चपटी पट्टी, वजनकाटा आणि पांढरी दुधाची साखर. आम्ही दहा ग्रॅमचा घाणा धरला होता: मूळ वस्तू 0.1 ग्रॅम, साखर 9.9 ग्रॅम. साखरेचे तीन सारखे भाग करायचे. पहिल्या 3.3 ग्रॅममध्ये वस्तू घालून सहा-सात मिनिटं जोर लावून घोटायचं, मग तीन-चार मिनिटं पट्टीने सगळं खरवडून मोकळं करायचं. पुन्हा घोटायचं, पुन्हा खरवडायचं. मग दुसरा भाग घालायचा, तेच. तिसरा घालायचा, तेच. एक तास झाला की एक सी. त्यातून 0.1 ग्रॅम घ्यायचं, नवी 9.9 ग्रॅम साखर, दुसरा तास. तसाच तिसरा. तीन तासांनी तीन सी, म्हणजे दहा लाखांत एक भाग. ही वेळापत्रकासकट सगळी कृती हानेमानची आहे आणि ती घरी वाचताना मला अगदी रुक्ष वाटली होती.

करताना तसं राहत नाही. पहिल्या वेळी आमच्याकडे ग्रॅफाइट होतं. पहिल्या पाच मिनिटांत बत्त्याखाली कचकच ऐकू येते, मग आवाज हळूहळू खाली येत जातो आणि एका क्षणी लक्षात येतं की खल गप्प झालाय. तेवढ्यात पूड भिंतीला इतकी घट्ट बसते की पट्टी टेकवून खरवडावी लागते. घोटण्यापेक्षा खरवडण्यातच मनगट जास्त दुखतं, ते आधी कुणी सांगत नाही. पहिल्या तासाअखेर पूड राखेसारखी करडी होती. दुसऱ्या तासाला फिकी. तिसऱ्या तासाच्या शेवटी तिन्ही पुड्या पांढऱ्या कागदावर शेजारी शेजारी मांडल्या तेव्हा शेवटचीतला करडेपणा शोधावा लागत होता. सौम्य करणं म्हणजे काय हे इतकी वर्षं मी आकड्यांत वाचलं होतं, त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. कुपीत पहिली पायरी आणि सहावी पायरी सारखीच दिसते.

दुसऱ्या वेळी लायकोपोडियम होतं, आणि मला ते ग्रॅफाइटपेक्षाही आवडलं. पिवळी, हलकी, पाण्यावर तरंगणारी बीजाणूंची पूड. तशीच पाण्यात टाकली तर ओलीसुद्धा होत नाही. खलात घोटत गेलं की बीजाणूंची टणक कवचं फुटतात, आतलं तेल बाहेर येतं आणि पूड किंचित तेलकट होऊन चिकटायला लागते. जी वस्तू पाण्यात किंवा अल्कोहोलमध्ये विरघळत नाही तिच्यासाठी खल का लागतो, हे समजायला दुसरं काही सांगावं लागत नाही. सोनं, गारगोटी, शिंपला, सगळ्यांची वाट इथूनच जाते. तीन सी झाल्यावर पूड आधी पाण्यात विरघळवतात, कारण ही साखर कडक अल्कोहोलमध्ये विरघळत नाही, मग अल्कोहोल घालून पुढच्या पायऱ्या कुपीतच होतात. म्हणजे खलाच्या कार्यशाळेत कुपीही हाताखालून जाते. उलट मात्र होत नाही.

मुख्य म्हणजे, सकाळी कागदावर तोललेली वस्तूच संध्याकाळच्या कुपीपर्यंत जाते. मध्ये कपाट उघडत नाही.

खलाच्या बाजूनेही तक्रारी आहेत. सगळ्यात मोठी म्हणजे अनुभव नोंदवण्याची प्रथा. काही गट तीन तासांवर न थांबता चौथा तासही कोरडंच घोटतात आणि घोटताना काय वाटतं ते प्रत्येकाने लिहायचं असतं. ती त्या द्रव्याची लक्षणं मानतात. पहिल्या वेळी दुसऱ्या तासाला माझे खांदे जड झाले, उगाच चिडचिड झाली, आणि शेजारच्यांनी ते ग्रॅफाइटच्या नावावर लिहून घेतलं. मला राहवलं नाही. पुढच्या कार्यशाळेत मी विनंती केली की एका खलात नुसती साखर ठेवा आणि ती कुणाच्या वाट्याला आली ते शेवटी सांगा. शिकवणाऱ्या बाईंनी मोठ्या मनाने मान्य केलं, हलकी पिवळी झाक दिसू नये म्हणून पहिला तास त्यांनी स्वतः घोटून दिला. कोरा खल निघाला माझाच, आणि खांदे त्याही दिवशी तसेच जड झाले होते. एका माणसाच्या एका दिवसावरून निष्कर्ष काढू नये हे खरं. तरी अशा नोंदींना मी तेव्हापासून थकव्याच्या नोंदी समजतो.

गुणाबद्दल माझी भूमिका सरळ आहे. बारा सीच्या पुढे मूळ वस्तूचा एखादा रेणू तरी कुपीत उरला असण्याची शक्यता जवळपास संपते, आणि ऑस्ट्रेलियाच्या आरोग्य संशोधन परिषदेने 2015 मध्ये उपलब्ध अभ्यास तपासून सांगितलं, की होमिओपॅथी परिणामकारक आहे असा भरवशाचा पुरावा कुठल्याही आजाराबाबत नाही. म्हणून कार्यशाळेत केलेली कुपी मी कुणाला औषध म्हणून देत नाही, कुणाचे चालू उपचार तर त्यावरून मुळीच थांबवू नयेत. मी जातो ते दोनशे वर्षांपूर्वीची एक कृती तिच्या मूळ वेळेसकट हाताने करून बघायला, आणि ती ओढ अजून कमी झालेली नाही.

खालच्या पायऱ्यांना मात्र सांभाळून राहावं, दोन्हीकडे. तिथे वस्तू खरोखरीची असते. सोमल (आर्सेनिक) खलात घेतला तर एक सीच्या दहा ग्रॅम पुडीत 100 मिलिग्रॅम सोमल असतो, तेवढा माणसाच्या जिवावर बेतू शकतो. बचनाग या विषारी वनस्पतीचा अर्क काढायचा म्हणणाऱ्या कार्यशाळेपासूनही दूरच राहा. गारगोटीची बारीक धूळ फुफ्फुसाला वाईट, म्हणून चांगला मास्क हवा. दुधाची ॲलर्जी असेल तर खलाभोवती उडणारी साखरही नको.

झाडं ओळखण्याची आवड असेल, घरी कोपऱ्यात बरणी ठेवून महिनाभर तिची काळजी घ्यायचा स्वभाव असेल, किंवा मनगटाचं दुखणं असेल, तर अर्काकडे जावं; त्या सकाळचा वास खलात नाही. दोन भागांत घेतलेली, मध्ये महिन्याचं अंतर ठेवून पुन्हा बोलावणारी अर्काची कार्यशाळा मिळाली, तर माझी सगळी कुरकुर मागे घेईन. मला अजून मिळालेली नाही.

नाव नोंदवण्याआधी दोन प्रश्न जरूर विचारा. अर्कवाल्यांना: दुपारी ज्यावर काम करणार तो अर्क कुणी, कधी मुरवला? खलवाल्यांना: खलाचा तळ खरखरीत आहे ना, आणि एका खलावर किती जण? पहिल्या वेळी आमच्या खलांचा तळ गुळगुळीत चकचकीत होता आणि बत्ता नुसता घसरत राहिला. हानेमान तळाची चकाकी ओल्या बारीक वाळूने घासून काढायला सांगतो. मी आता माझा खल तसा घासून सोबत नेतो. एका खलावर तिघांहून जास्त माणसं असतील तर निम्मा दिवस दुसऱ्याचे हात बघण्यात जातो.

माझी पुढची खेप शिंपल्याची आहे. कालवाच्या शिंपल्याचा फक्त मधला पांढरा थर घ्यायचा असतो, बाहेरचा खडबडीत आणि आतला चकचकीत दोन्ही काढून. ते खरवडणं आदल्या संध्याकाळी घरीच करणार आहे.