स्टेशनबाहेर, संध्याकाळी साडेसात: वडापाव की बर्गर?

पोटात कावळे कोकलताहेत, घर अजून तासभर लांब. डाव्या हाताला वडापावची गाडी, समोर बर्गरचं एसी दुकान. "बर्गर म्हणजे जंक, वडापाव आपला" असं म्हणत डावीकडे वळणाऱ्यांतला मीही एक. पण दोन्ही उघडून आत काय आहे ते बघितलं, तर ही ऐट फारशी टिकत नाही.

दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्यांनी 1966 साली वडापाव विकायला सुरुवात केली असं मानतात. मॅकडोनाल्ड्स भारतात आलं 1996 मध्ये. मध्ये तीस वर्षं गेली, पण आलू टिक्की बर्गर आणि वडापाव यांचा सांगाडा एकच: मैद्याचा पाव आणि तळलेला बटाटा. तंतू नावाला, प्रथिनं जेमतेम. वड्याभोवतीच्या बेसनाने थोडा फरक पडतो, फार नाही. बर्गरमधलं सॅलडचं पान तर मी हिशेबातच धरत नाही. उलट त्याच्याखालचं मेयोनीज धरावं लागतं, कारण ते बहुतांशी तेलच असतं.

तेलाच्या बाबतीत मात्र गाडी हरते, हे आपल्याला आवडत नसलं तरी. तेच तेल पुन्हा पुन्हा तापवलं की त्यात पोलर घटक, म्हणजे तेल खराब होताना तयार होणारे पदार्थ, वाढत जातात. त्यांचं प्रमाण 25 टक्क्यांवर गेलं की ते तेल वापरू नये, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे. मोठ्या साखळी दुकानात ते मोजायची सोय तरी असू शकते. गाडीवर मोजमाप आपल्याच डोळ्यांनी करायचं: तेल काळपट दिसतंय का, फेस राहतोय का, धूर लवकर निघतोय का. कढईत सकाळच्याच तेलात भर टाकत संध्याकाळ काढली असेल, तर पुढची गाडी बघावी. दहा किंवा जास्त शाखा असलेल्या दुकानांना पदार्थांचे उष्मांक फलकावर लिहावे लागतात, हाही बर्गरच्या बाजूचा मुद्दा. गाडीवर लिहिलेले असतात फक्त भाव.

पण खरा घोळ पदार्थापेक्षा खाण्याच्या पद्धतीत आहे. वडापाव उभ्या उभ्या खाल्ला, मिरची चावली, हात झटकले, संपलं. (दुसरा मागवला नाही तर. दुसरा मागवणाऱ्यांना मी नावं ठेवू शकत नाही.) बर्गर मात्र एकटा येत नाही. काउंटरवरून विचारणा होते, "मील करू का?" चाळीस-पन्नास रुपयांचा फरक बघून आपण हो म्हणतो आणि फ्राइज व कोला ताटात येतात. 300 मिलिलिटर कोल्यात 30 ग्रॅमच्या वर साखर असते. जागतिक आरोग्य संघटना दिवसभरासाठी 50 ग्रॅमच्या आत, जमलं तर 25 ग्रॅमच्या आत राहा म्हणते. म्हणजे एका पेल्यातच 25 ग्रॅमचा कोटा ओलांडला, आणि पोट भरल्याची जाणीव काही त्यातून मिळाली नाही. फ्राइज म्हणजे टिक्कीच्या बटाट्याशेजारी आणखी तळलेला बटाटा, वर मीठ.

त्यात मऊ खाणं पटापट आत जातं. अमेरिकेत 2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात 20 जणांना दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं आणि दोन आठवडे साधं अन्न दिलं, हवं तेवढं खा म्हणून सांगितलं. प्रक्रियायुक्त अन्नावर त्यांनी रोज सुमारे 500 उष्मांक जास्त खाल्ले, आणि खाण्याचा वेगही जास्त होता. लादी पावही मऊच, हे कबूल, पण तळलेल्या मिरचीमुळे निदान मध्ये थांबावं लागतं.

मग घ्यायचं काय? रक्तदाब असेल आणि डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं असेल, तर दोन्हींपासून लांब. खारवलेली मिरची आणि सुकी चटणीही त्यातच आली. रोज याच वेळी याच फलाटावर उतरत असाल तर बॅगेत मूठभर चणे-शेंगदाणे ठेवा, कारण रोजच्या भुकेला यांतलं काहीच चालत नाही. महिन्यातून एकदोनदा असेल तर मी गाडीकडे जाईन, तेही ताजं तेल दिसलं तर आणि एकावर थांबून. तेल काळं असेल तर सरळ समोर जाऊन नुसता बर्गर आणि पाणी.

मुलं बरोबर असली की माझं काही चालत नाही. तेव्हा फ्राइज एकच, तेही सगळ्यांत मिळून.