हिमाचलला गाडी नेताय? आधी कूलंट तपासून घ्या

डिसेंबर-जानेवारीत स्वतःची गाडी घेऊन मनालीकडे जायचा बेत असेल तर हे जरूर वाचा. आमच्यावर जी वेळ आली ती आणखी कुणावर येऊ नये, एवढ्यासाठी लिहितोय.

गेल्या डिसेंबरात निघायच्या आठवडाभर आधी गाडी पुण्यातल्या आमच्या नेहमीच्या गॅरेजला दिली. मालकाशी सहा वर्षांची ओळख. त्याला स्पष्ट सांगितलं, की अटल बोगद्याच्या पलीकडे लाहौलमध्ये सिस्सूला दोन रात्री मुक्काम आहे, गाडी रात्रभर उघड्यावर उभी राहणार आहे. "दादा, निश्चिंत जा, थंडीचं सगळं काम करून देतो," तो म्हणाला. रेडिएटर फ्लश, सहा लिटर अँटीफ्रीझ कूलंट (इंजिन थंड ठेवणारं, थंडीत न गोठणारं द्रव), काच धुवायचं न गोठणारं लिक्विड, नवे वायपर आणि बॅटरी चेकिंग. ६,४०० रुपये झाले. बिल म्हणजे वहीचा फाडलेला कागद, त्यावर कूलंटच्या कंपनीचं नावही नाही. गाडी आणायला गेलो तेव्हा त्याने बोनेट उघडून कूलंटची टाकी दाखवली. वरच्या रेषेपर्यंत हिरवंगार. मी पैसे देऊन निघालो. रिकामे डबे कुठे आहेत, हे विचारायचं सुचलंच नाही.

पहिली खूण खरं तर बोगद्यातून बाहेर पडल्यावरच मिळाली होती. हा बोगदा ९ किलोमीटरचा. अलीकडे ऊन होतं, पलीकडे सगळं पांढरं. पुढच्या ट्रकने उडवलेला चिखल काचेवर आला म्हणून मी पाण्याचा फवारा मारला, तर ते पाणी काचेवरच गोठलं. काही क्षण समोरचं काही दिसेना. बायकोने खिडकीतून डोकं बाहेर काढून सांगितलं तशी गाडी कडेला घेतली. न गोठणारं म्हणून भरलेलं लिक्विड गोठलं, म्हणजे बाकीच्या कामाचाही भरवसा नाही, हे मला तिथेच कळायला हवं होतं. थंडी जास्त आहे म्हणून झालं असेल, असं म्हणून मी पुढे गेलो.

सिस्सू साधारण ३,१०० मीटरवर आहे. त्या रात्री पारा उणे ११ पर्यंत उतरला होता, असं हॉटेलवाल्याने सकाळी सांगितलं. गाडी चालू केली तर बोनेटखालून पट्टा घासल्यासारखी कर्कश किंकाळी आली आणि जळक्या रबराचा वास सुटला. लगेच बंद केली. हॉटेलवाला आला, त्याने टाकीचं झाकण काढलं आणि आत पाना टेकवून दोनदा आपटला. टक, टक. टाकीत हिरव्या बर्फाचा गोळा होता, वाळ्याच्या सरबतासारखा रंग. "सर जी, कूलंट जमता नहीं है. ये तो पानी है, रंगवाला पानी."

दुपारी ऊन आलं, बर्फ वितळला आणि गाडीखाली हिरवी धार लागली. रेडिएटरच्या बाजूच्या प्लॅस्टिकच्या टाकीला बोटभर लांब तडा गेला होता. इंजिन ब्लॉकला पत्र्याची गोल झाकणं ठोकलेली असतात, त्यातलं एक बाहेर सरकलं होतं. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं, त्याला जागा मिळाली नाही की ते फोडून बाहेर येतं. निम्मं ग्लायकॉल (कूलंटला गोठू न देणारं रसायन) आणि निम्मं पाणी असं मिश्रण असतं तर उणे ३५ च्या आसपासपर्यंत काही झालं नसतं. गाडीचा हीटर याच गरम कूलंटवर चालतो. हे वाटेत घडलं असतं तर सात वर्षांच्या मुलीला घेऊन त्या थंडीत आम्ही काय केलं असतं, हा विचार अजून रात्री जागं करतो.

गाडी मनालीला उचलून नेण्याचे ११ हजार. रेडिएटर, पाण्याचा पंप, पट्टा, झाकण आणि मजुरी धरून २८ हजार. पार्ट चंदीगडहून येईपर्यंत पाच दिवस मनालीत.

परत आल्यावर गॅरेजला गेलो. मालकाचं उत्तर तयार होतं: "तिकडच्याच कुणीतरी आमचं कूलंट काढून पाणी भरलं असेल." हातात पक्कं बिल नाही, त्यामुळे पुढे बोलायलाच जागा राहिली नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली, तिथेही पहिला प्रश्न बिलाचाच आला.

ही फसवणूक पुण्यात खपते, कारण पुण्याच्या थंडीत पाणी गोठतच नाही. रंगीत पाणी भरून दहा हिवाळे गेले तरी गाडीवाल्याला पत्ता लागणार नाही. आतून मात्र गंज आणि क्षार साचून रेडिएटर भरत जातो, आणि एक दिवस घाटात गाडी तापली की "जुनी झाली" म्हणून आपण गप्प बसतो.

माझे साडूही तिथेच गाडी देतात. त्यांना मी घरचाच उपाय सांगितला. इंजिन पूर्ण थंड असताना (गरम असताना झाकण उघडू नका, वाफेने भाजतं) टाकीतलं अर्धा कप कूलंट छोट्या प्लॅस्टिकच्या बाटलीत काढायचं. बाटली अर्धीच भरायची, झाकण घट्ट लावून वर ठळक "विष" लिहायचं, कारण ग्लायकॉल चवीला गोड आणि जिवाला घातक असतं. दोन पिशव्यांत बांधून, खाण्याच्या वस्तूंपासून लांब, रात्रभर फ्रीजरमध्ये. घरचा फ्रीजर साधारण उणे १८ ला असतो. निम्म्या प्रमाणातलं कूलंट सकाळी पातळच राहतं.

साडूंची बाटली सकाळी दगड झाली होती. ती तशीच पिशवीत घेऊन आम्ही दोघं गॅरेजला गेलो आणि काउंटरवर ठेवली. मालकाने बाटलीला हातही लावला नाही, गल्ल्यातून साडूंचे २,७०० रुपये काढून दिले. माझ्याबद्दल म्हणाला, "तुमचं आता कसं सिद्ध करणार?"

साडूंनी दुसरीकडे सीलबंद डबे स्वतः नेऊन, समोर उभं राहून कूलंट बदलून घेतलं. २२ तारखेला ते मुलांना घेऊन शिमल्याला निघतायत. नव्या कूलंटची बाटली परवा रात्री फ्रीजरमध्ये ठेवली होती. सकाळी हलवून पाहिली, पातळ होती.