युनिव्हर्सल बॉण्ड आणि कॉर्डलेस एलईडी लाइट: काही महिन्यांच्या वापरानंतर

बॉण्ड म्हणजे दाताला कंपोझिटचं (दाताच्या रंगाच्या रेझिनचं) फिलिंग चिकटवणारा द्रव, आणि लाइट तो निळ्या उजेडाने घट्ट करणारा. दोन्ही वस्तू आमच्या दातांच्या क्लिनिकमध्ये एकदमच आल्या, म्हणून अनुभवही एकत्रच लिहितोय. ब्रँडची नावं टाकत नाही. या किमतीतले बॉण्ड आणि लाइट स्वभावाने बरेचसे सारखेच निघतात.

आधी बॉण्ड. प्रायमर (बॉण्डआधी लावायचा द्रव) वेगळा, बॉण्ड वेगळा ही भानगड संपली, हे सुख मोठं आहे. इनॅमलवर (दाताच्या बाहेरच्या कडक थरावर) मात्र मी अजूनही फॉस्फोरिक अ‍ॅसिडचं जेल लावतोच. १९५५ साली ब्युओनोकोर या दंतवैद्याने दाखवलेली, आम्लाने पृष्ठभाग खरखरीत करायची ती युक्ती इनॅमलपुरती आजही मोडीत निघालेली नाही, आणि या बाटलीतल्या सौम्य आम्लाला इनॅमल फारसं कोरता येत नाही.

खरी मेख वाळवण्यात आहे. मायक्रोब्रशने नीट घासून झालं की थ्री-वे सिरिंजची (हवा-पाणी मारायच्या नळीची) हवा आधी लांबून, मग जवळून. तळाशी बॉण्ड थरथरतो, कोपऱ्याकडे सरकतो आणि मग हलायचा थांबतो. चकाकी तशीच राहते. माहितीपत्रक पाच सेकंद म्हणतं, खोल कॅव्हिटीत मला दुप्पट लागतात. थरात पाणी किंवा अल्कोहोल उरलं तर रेझिनच्या साखळ्या नीट गुंफत नाहीत, मग लाइट कितीही मारा, थर कच्चाच. पावसाळ्यात तर कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साठतं आणि सिरिंजमधून हवाच ओली येते. टाकी रोज सकाळी रिकामी करायची, हे आमच्याकडे आता ठरून गेलंय.

निळ्या उजेडाचं काम सुरू होतं बॉण्डमधल्या कॅम्फरक्विनोनपाशी. हा पिवळा पदार्थ ४७० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश सर्वाधिक शोषतो, सोबतच्या अमाइनशी त्याची देवघेव होते, त्यातून फ्री रॅडिकल तयार होतात आणि ते मिथॅक्रिलेटचे (रेझिनच्या रेणूंचे) दुहेरी बंध एकामागून एक उघडत जातात. अगदी वरचा थर हवेतल्या ऑक्सिजनमुळे चिकट राहतो. नवे डॉक्टर तो बघून पुन्हा लाइट मारतात. गरज नसते, कंपोझिटला तो चालतो. चेअर लाइटमध्येही हाच निळा भाग असतो, त्यामुळे थेंब आधीच काढून उघड्यावर ठेवला तर तो तिथेच घट्ट व्हायला लागतो.

ड्युअल क्युअर (उजेडाने आणि उजेडाशिवायही घट्ट होणाऱ्या) कोअर मटेरियलशी, म्हणजे मोडलेल्या दाताचा गाभा उभारायच्या मटेरियलशी, या बॉण्डचं पटत नाही. बॉण्डमधलं आम्ल त्या मटेरियलमधल्या अमाइनला निकामी करतं, आणि जिथे उजेड पोचत नाही तिथला जोड कमकुवत राहतो. कंपनीचा अ‍ॅक्टिव्हेटर वेगळा मिळतो, वेगळ्या किमतीत. हे खोक्यावर ठळक लिहायला हवं होतं.

आता लाइट. स्टँडर्ड मोडला १००० मिलिवॉट प्रति चौरस सेंटिमीटर लिहिलंय, पण तो आकडा टोकापाशी मोजलेला. मोलरच्या (दाढेच्या) क्लास टू बॉक्समध्ये, म्हणजे शेजारच्या दाताकडच्या बाजूने कोरलेल्या खड्ड्यात, तळ सहा-सात मिलिमीटर खाली असतो, तिथवर जाईपर्यंत उजेड पातळ होतो. अशा जागी बॉण्डला १० ऐवजी २० सेकंद देतो. टर्बो मोड ३००० चा, ३ सेकंदांचा. कागदावर ९ जूल म्हणजे साध्या १० सेकंदांच्या जवळपासच. पण एकदम ढीगभर तयार झालेले रॅडिकल एकमेकांनाच संपवतात, त्यामुळे गुणाकार तंतोतंत लागू पडत नाही. वर खोल कॅव्हिटीत पल्प (दाताच्या आतला जिवंत गाभा) तापायची भीती. ते बटण माझ्यासाठी नसल्यातच जमा.

मध्यंतरी रेडिओमीटरवर (उजेडाची ताकद मोजायच्या यंत्रावर) आकडा बराच खाली आला. बॅटरीवर संशय होता, पण असिस्टंटने लेन्स तिरकी धरून दाखवली: कडेला कंपोझिटचा कडक ठिपका चिकटलेला. प्लास्टिकच्या स्क्रॅपरने काढला, आकडा पूर्ववत. लाइटवर चढवायच्या प्लास्टिकच्या स्लीव्हची शिवण लेन्सवर आली तरी आकडा पडतो, हेही तेव्हाच कळलं.

सोबत आलेलं नारिंगी कवच फारच लहान आहे. असिस्टंटच्या डोळ्यांवर उजेड जातोच. वेगळे नारिंगी गॉगल घ्यावे लागले. आणि बॉण्ड ग्लोव्हला लागला तर ग्लोव्ह लगेच बदला, यातला हेमा (रेझिनचा एक घटक) लॅटेक्समधून आरपार जातो आणि त्याची अ‍ॅलर्जी एकदा झाली की सुटत नाही.

बॉण्डची पुढची ऑर्डर हीच देणार, फक्त सिंगल डोसमध्ये. बाटलीच्या तोंडाशी बॉण्ड सुकून झाकण नीट बसत नाही, आणि आतलं अल्कोहोल उडून शेवटचे थेंब मधासारखे दाट येतात. लाइट ठीक आहे, चार्जिंगचा स्टँड मात्र डुगडुगतो.