क्रँक सील बदलल्याचं बिल मिळालं, पण गिअरबॉक्स उतरलाच नव्हता

बोरिवलीतल्या एका निवृत्त शिक्षिकेच्या सात वर्षं जुन्या पेट्रोल हॅचबॅकखाली, सोसायटीच्या पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉकवर तेलाचे थेंब दिसू लागले. जवळच्या गॅरेजवाल्याने गाडी रॅम्पवर घेतली, इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात तिथली ओल बोटाने दाखवली आणि सांगितलं, "काकू, क्रँकचं मागचं सील गेलंय. गिअरबॉक्स उतरवावा लागेल. एवढं खोलतोच आहे तर क्लच प्लेटही बदलून घ्या, नंतर पुन्हा तीच मजुरी नको. असंच चालवलंत तर इंजिन जाम होईल." (क्रँक म्हणजे इंजिनचा मुख्य फिरता दांडा; तो गिअरबॉक्सच्या बाजूला जिथे बाहेर येतो तिथे तेल अडवणारी रबरी कडी म्हणजे हे मागचं सील.) दोन दिवसांनी गाडी खालून-वरून धुऊन मिळाली, सोबत २१,४०० रुपयांचं बिल. दीड महिन्यात त्याच जागी पुन्हा थेंब.

दुसऱ्या मेकॅनिकने गाडी उचलली तेव्हा खरा प्रकार कळला. गळत होतं ते इंजिनच्या माथ्यावरचं टॅपेट कव्हरचं पॅकिंग, गिअरबॉक्सच्या बाजूच्या कोपऱ्यात. तिथून तेल इंजिनच्या पाठीवरून ओघळत खाली बेल हाउसिंगच्या, म्हणजे क्लच झाकणाऱ्या गिअरबॉक्सच्या घंटेसारख्या तोंडाच्या, सांध्यापर्यंत यायचं. पहिल्या गॅरेजने जुन्याच पॅकिंगवर सिलिकॉन थापून कव्हर परत बसवलं होतं. क्रँक सील, क्लच प्लेट, गिअरबॉक्सची मजुरी, बिलातल्या या सगळ्या ओळी खोट्या होत्या.

हे नुसत्या अंदाजावरून ठरलं नाही. काम झालं की नाही याच्या खुणा गाडीवर राहतात आणि त्या कुणालाही टॉर्च मारून पाहता येतात. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचा गिअरबॉक्स उतरवायचा तर दोन्ही ड्राइव्ह शाफ्ट काढावे लागतात. शाफ्ट निघाले की गिअर ऑइल बाहेर येतं, म्हणून ते आधीच काढून घेतात आणि शेवटी नव्याने भरतात. छोट्या गाडीत ते साधारण दीड ते अडीच लिटर असतं. या बिलात गिअर ऑइलची ओळच नव्हती. मागचं सील बदलल्याच्या बिलात गिअर ऑइल दिसलं नाही तर तिथेच थांबून विचारा, "गिअर ऑइल कुठलं भरलं, किती भरलं?"

दुसरी खूण बोल्टांची. बेल हाउसिंगचे बोल्ट, स्टार्टर मोटरचे बोल्ट, गिअरबॉक्सचं माउंटिंग, खालच्या आर्मचा बॉल जॉइंट, यातलं बरंच काही सुटल्याशिवाय गिअरबॉक्स खाली येत नाही. वर्षानुवर्षं न हललेल्या बोल्टच्या डोक्याभोवती गंज आणि मातीचा अखंड थर असतो. पाना लागला की कडा चमकतात आणि वॉशरभोवती स्वच्छ कडं दिसतं. इथे बेल हाउसिंगचे बोल्ट तसेच मातीने भरलेले होते आणि टॅपेट कव्हरच्या बोल्टांवर मात्र पान्याचे ताजे ओरखडे होते. क्लचही काही सांगतो. नवी प्लेट आणि प्रेशर प्लेट पडली की पेडलचा जोर आणि क्लच पकडायची जागा बहुधा बदलते. पेडल पूर्वीसारखंच लागत असेल तर जुनी प्लेट मागून घ्या.

ही फसवणूक इतकी सहज जमते याचं कारण तेलाच्या स्वभावात आहे. चाळीत किंवा इमारतीत वरच्या मजल्याची मोरी झिरपते एका जागी आणि खालच्याच्या छताला ओल येते भलतीकडेच, तसंच इथे होतं. तेल वरून खाली ओघळतं आणि गाडी पळताना येणारा वारा ते मागे ढकलतो. त्यामुळे थेंब पडतो ती जागा गळतीची असेलच असं नाही. बहुतेकदा नसतेच. ओल्या चेंबरकडे, म्हणजे इंजिनच्या तळाच्या तेलाच्या टाकीकडे, बोट दाखवून कुणीही काहीही सांगू शकतं आणि गाडीखाली वाकून पाहणाऱ्या मालकाला ते पटतं, कारण ओल खरी असते.

म्हणून इंजिन धुतल्याशिवाय केलेलं निदान मान्य करू नका. सगळ्यात महत्त्वाचं हेच.

पद्धत सोपी आहे. इंजिन थंड असताना डिग्रीझर मारून टॅपेट कव्हरपासून चेंबरपर्यंत ब्रशने साफ करायचं. अल्टरनेटर, इग्निशन कॉइल आणि सेन्सरचे कनेक्टर प्लास्टिकने झाकायचे. जोरदार फवारा थेट मारू द्यायचा नाही, कॉइलमध्ये पाणी गेलं की इंजिन मिसिंग करू लागतं, म्हणजे गचके देतं, आणि गॅरेजला नवं काम मिळतं. पुसून कोरडं झालं की इंजिन दहा-पंधरा मिनिटं चालवायचं आणि टॉर्च घेऊन वरून खाली पाहत यायचं. सगळ्यात उंचावरची ताजी ओल हा पहिला संशयित. तेवढ्यात काही दिसलं नाही तर संशयाच्या सांध्यांवर टाल्कम पावडर भुरभुरवून एक-दोन दिवस गाडी चालवा, पावडरीवर तेलाची रेघ उमटते. तरीही सापडलं नाही तर तेलात घालायचा अल्ट्राव्हायोलेट डाय मिळतो. थोडं चालवून निळ्या दिव्याखाली पाहिलं की गळतीची वाट उजळून दिसते.

त्याआधी घरी एक काम करा. रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा पसरा आणि त्यावर पुढच्या चाकांची जागा पेनने आखा. मुंबईच्या पार्किंगमध्ये जमिनीवरचा डाग तुमच्याच गाडीचा असेल याची खात्री नसते. दुपारी तुमच्या जागेत पाहुण्याची गाडी उभी राहते. स्टॅक पार्किंगमध्ये तर वरच्या गाडीचं तेल खालच्या गाडीच्या बॉनेटवर पडतं. सकाळी पुठ्ठ्यावरचा थेंब बोटावर घेऊन पाहा. बिनरंगी, बिनवासाचं असेल तर ते एसीचं पाणी, त्यासाठी एक रुपयाही खर्च करायचा नाही. हिरवं किंवा गुलाबी आणि गोडसर वासाचं म्हणजे कूलंट. लालसर आणि तेलकट असेल तर बहुधा पॉवर स्टीअरिंगचं किंवा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल. घट्ट, उग्र गंधकासारख्या वासाचं गिअर ऑइल. पातळ, पिवळसर आणि चाकाच्या आतल्या बाजूला असेल तर ब्रेक ऑइल असू शकतं, तेव्हा गाडी हलवूच नका. काळं-तपकिरी असलं तर इंजिन ऑइल.

हा वासाचा फरक क्रँक सीलच्या बाबतीत फार उपयोगी पडतो. बेल हाउसिंगच्या खालच्या फटीतून खरोखर आतून तेल येत असेल तर ते दोन जागांहून येऊ शकतं: क्रँकचं मागचं सील किंवा गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सील. पहिल्यात इंजिन ऑइल असतं, दुसऱ्यात गिअर ऑइल. तेल प्लेटपर्यंत पोचलं की चढावर क्लच घसरतो, आरपीएम वाढतो पण गाडी ओढत नाही, जळका वास येतो. यातलं काहीच नसेल आणि ओल फक्त बाहेरून असेल, तर गिअरबॉक्स उतरवायची घाई करू नका. वर पाहा.

वर पाहिल्यावर बहुतेक वेळा स्वस्तातलंच काहीतरी सापडतं. टॅपेट पॅकिंगचं रबर उष्णतेने कडक होतं. ऑइल प्रेशर स्विच स्वतःच झिरपतो. ऑइल बदलताना जुन्या फिल्टरचं रबर ब्लॉकला चिकटून राहतं आणि त्यावरच नवा फिल्टर बसतो, मग दोन रबरांमधून तेल उसळतं. ड्रेन प्लगचा वॉशर पुन्हा जुनाच लावतात. पावसाळ्यानंतर चेंबरही तपासावा, खड्ड्यात किंवा उंच स्पीडब्रेकरवर आपटून तो चेपतो आणि पॅकिंगची कड उघडते. एक गोष्ट मात्र चांगले मेकॅनिकही विसरतात: इंजिनच्या आतला वायू बाहेर काढणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह किंवा ब्रीदर पाइप तुंबला असेल तर क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँक फिरतो त्या पोकळीत, दाब साठतो आणि तो एकामागून एक सील ढकलत राहतो. पॅकिंग बदलूनही महिन्यात पुन्हा गळती, असं झालं की आधी हा व्हॉल्व्ह बघायला सांगा.

टॅपेट पॅकिंगचं काम नीट कसं होतं हे माहीत असलं की समोर उभं राहून पाहता येतं. चार सिलिंडरच्या साध्या इंजिनात ते तास-दीड तासाचं काम आहे. इंजिन थंड हवं. कॉइल काढायच्या, कव्हर उचलायचं, दोन्ही पृष्ठभाग प्लास्टिकच्या पट्टीने आणि ब्रेक क्लीनरने साफ करायचे. लोखंडी पट्टीने ॲल्युमिनियमवर ओरखडा पडला तर तिथूनच पुढची गळती. पॅकिंग नवं, स्पार्क प्लगच्या विहिरींची सीलंही नवी, कारण ती गेली की प्लगभोवती तेल साचून मिसिंग सुरू होतं. सिलिकॉन लावायचं ते फक्त टायमिंग कव्हर आणि हेड जिथे मिळतात त्या कोपऱ्यांत, मॅन्युअल सांगेल तेवढ्याच जागी. सगळीकडे थापलेलं सिलिकॉन आत दाबलं जातं, त्याचे तुकडे तुटून चेंबरमधल्या ऑइल स्ट्रेनरवर बसतात आणि इंजिनला तेल मिळेनासं होतं. त्या शिक्षिकेच्या गाडीत नेमकी हीच भीती होती, म्हणून चेंबर काढून जाळी साफ करावी लागली. बोल्ट मधून बाहेरच्या बाजूला, दोन-तीन फेऱ्यांत आवळायचे. जोर फार लागत नाही, बऱ्याच छोट्या गाड्यांत दहा न्यूटन मीटरच्या आसपास. दणकून आवळला की हेडमधली चूडी (आटे) जाते.

घाई कुठे हवी आणि कुठे नको, हेही गॅरेजवाला उलटं सांगतो. जुन्या इंजिनाला सांध्यावर नुसता घाम येत असेल, थेंब पडत नसेल आणि डिपस्टिकवर पातळी टिकत असेल, तर साफ करून नजर ठेवली तरी चालतं. पातळी पाहायची ती सपाट जागी, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटांनी. पण टॅपेट कव्हरचं तेल गरम एक्झॉस्टवर पडून धूर येत असेल तर ते स्वस्तातलं काम आजच करा, त्यात आगीचा धोका आहे. टायमिंग बेल्ट असलेल्या गाडीत पुढच्या क्रँक किंवा कॅम सीलचं तेल बेल्टवर उडत असेल तरही दुरुस्ती लांबवू नका. गळती थांबवणारं औषध म्हणून बाटली विकतात, त्याने कडक झालेलं रबर थोडं फुगतं. फाटलेलं पॅकिंग किंवा चेपलेला चेंबर त्याने सुधारत नाही.

रस्त्यावरचा प्रकार वेगळा आणि जास्त धोक्याचा. सिग्नलला किंवा हायवेच्या संथ ट्रॅफिकमध्ये बाइकवाला काचेवर थाप मारून चाकाकडे बोट दाखवतो, "तेल गळतंय!" तेल त्यांनीच ओतलेलं असतं. तुम्ही उतरलात की मागच्या सीटवरची बॅग जाते, नाहीतर पुढच्या वळणावर "मेकॅनिक" तयारच असतो. उतरू नका, काचा आणि दारं बंद ठेवा, डॅशबोर्ड पाहा. ऑइलचा लाल दिवा पेटलेला नसेल आणि तापमान नेहमीचं असेल, तर वर्दळीच्या पेट्रोल पंपापर्यंत जा आणि तिथे डिपस्टिक पाहा. ब्रेकचं पेडल खोल जात असेल किंवा लाल दिवा खरोखर पेटला तर मात्र कडेला घेऊन इंजिन लगेच बंद करा, गाडी आतून लॉक ठेवा आणि ११२ किंवा ओळखीच्या माणसाला फोन लावा. ओतलेलं तेल चाकाच्या बाहेरच्या तोंडावर, बंपरवर, बॉनेटवर शिंतोड्यांसारखं असतं. इंजिनातून गळणारं तेल खाली आणि आतल्या बाजूला असतं.

गॅरेजला गाडी देताना अंदाजपत्रकावर गळतीची नेमकी जागा लिहून घ्या. "ऑइल लीकेज काम" एवढंच लिहिलेलं चालणार नाही. धुतल्यानंतरचा त्या जागेचा फोटो व्हॉट्सॲपवर मागा. पार्ट आणि मजुरी वेगळी, पार्टचा नंबर, काम वाढलं तर आधी फोन, आणि काढलेले जुने पार्ट पिशवीत परत, हे सगळं त्याच कागदावर हवं. जुनं क्रँक सील हातात आलं तरी त्याचा आतला ओठ खरोखर झिजलेला किंवा कडक झालेला आहे का ते पाहा. कुर्ल्याच्या सीएसटी रोडसारख्या ठिकाणी जुने पार्ट ढिगाने मिळतात, त्यामुळे दाखवलेला पार्ट तुमच्याच गाडीचा आहे हे पटवायला काम चालू असतानाचा फोटोच लागतो.

फसवणूक झाल्याचा संशय आला तर दुसऱ्या मेकॅनिकला पाना लावू देण्याआधी न सुटलेल्या बोल्टांचे, मातीच्या थराचे, सिलिकॉनचे फोटो तारखेसह काढा आणि त्याचं मत लेटरहेडवर लिहून घ्या. एकदा खोललं की हा पुरावा गेला. त्यानंतर पहिल्या गॅरेजला लेखी पत्र द्या. उत्तर नाही आलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. तिथेही मिटलं नाही तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली जिल्हा आयोगाकडे जाता येतं. मुदत दोन वर्षांची आहे आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. तक्रार ऑनलाइनही दाखल होते. बिल मात्र पक्कं हवं, म्हणून "जीएसटी नको असेल तर थोडं कमी करतो" या बोलीला सुरुवातीलाच नकार द्या.