फोनवाले आणि ब्राउझरवाले एकाच बैठकीत: ॲस्टेरिस्क, फ्रीस्विच की जिगासी?

व्हॉइस कॉन्फरन्सचा गेटवे (फोनवाले आणि ब्राउझरवाले एका खोलीत आणणारं सॉफ्टवेअर) निवडायचा म्हटलं की लोक आधी फीचरचे तक्ते उघडून बसतात. मी आधी एवढंच विचारतो, की बैठकीला येणारी माणसं येणार कुठून? नंबर फिरवून, की लिंक दाबून? दहातले नऊ फोनवरून येणार असतील तर उत्तर एक, नऊ ब्राउझरमधून येणार असतील तर दुसरं. फीचर शेवटी सगळ्यांकडे थोड्याफार फरकाने सारखीच निघतात.

स्वतःच्या सर्व्हरवर बसवायचं तर तीन नावं समोर येतात: ॲस्टेरिस्क, फ्रीस्विच आणि जिट्सी मीट या ब्राउझरमधल्या बैठकीच्या सॉफ्टवेअरसोबतचं जिगासी. तिन्ही फुकट, तिन्हींचा सोर्स खुला, तिन्ही लिनक्सवर सुखाने नांदणारी. मात्र आवाज हाताळण्याची पद्धत वेगळी आहे, आणि पुढचे बरेच फरक तिथूनच येतात.

ॲस्टेरिस्क आणि फ्रीस्विच आवाज मिसळतात. प्रत्येकाकडून साधारण २० मिलिसेकंदांचं एक पॅकेट, म्हणजे सेकंदाला ५० पॅकेट येतात. सर्व्हर ती उलगडतो, बेरीज करतो आणि प्रत्येकाला त्याचा स्वतःचा आवाज वजा करून बाकीच्यांचा परत पाठवतो. सगळं ओझं सर्व्हरच्या प्रोसेसरवर, टोकाचं यंत्र कितीही साधं असलं तरी चालतं. जिट्सीचा सर्व्हर, म्हणजे व्हिडिओब्रिज, हे करत नाही. तो आलेले स्ट्रीम (प्रत्येकाच्या आवाजाचे प्रवाह) जसेच्या तसे पुढे ढकलतो, मिसळायचं काम ज्याच्या त्याच्या ब्राउझरवर सोडतो. फोनला मात्र एका वेळी एकच स्ट्रीम कळतो, म्हणून मध्ये जिगासी उभं राहतं आणि फोनवाल्यांपुरतं मिसळून देतं.

ॲस्टेरिस्क

मार्क स्पेन्सर यांनी १९९९ मध्ये सुरू केलेलं हे मुळात ऑफिसचं टेलिफोन एक्स्चेंज, कॉन्फरन्स हा त्याचा एक कोपरा. बसवण्यात पहिली अडचण पॅकेजची. डेबियन १२ या लिनक्सच्या भांडारात तर ते नाहीच. म्हणून सोर्स उतरवायचा, त्यातली पूर्वतयारीची स्क्रिप्ट चालवायची, मग कॉन्फिगर, मेनूसिलेक्ट (मॉड्यूल निवडायचा मेनू), मेक, मेक इन्स्टॉल. चहा होईपर्यंत उरकतं. पुढे तीन फायलींशी गाठ पडते: पीजेसिपची (सिप या कॉल लावण्याच्या पद्धतीच्या जोडण्या), डायलप्लॅनची (कोणता नंबर फिरवला की काय करायचं) आणि कॉन्फब्रिजची (बैठकीच्या खोल्या). छोट्या बैठकीला प्रत्येकी पाच-दहा ओळी पुरतात.

खरा त्रास जुन्या माहितीचा आहे. शोधल्यावर हाती लागणारी कितीतरी मार्गदर्शनं मीटमी (कॉन्फरन्सचं जुनं मॉड्यूल) आणि चॅन-सिप (सिपचं जुनं मॉड्यूल) यांवर लिहिलेली आहेत. आवृत्ती २१ मधून चॅन-सिप काढून टाकलं आहे, आणि मीटमी त्याआधीच कालबाह्य ठरवलं आहे. मीटमीला वेळ मोजायला दाहदी नावाचा कर्नल ड्रायव्हर लागायचा, कॉन्फब्रिजला लागत नाही. तेव्हा कुठल्याही लेखात दाहदी बसवायला सांगितलं, की तो लेख बंद करा.

आणखी एक खोच ओपसची, म्हणजे ब्राउझर वापरतात त्या आवाज आकसवण्याच्या पद्धतीची. कॉन्फरन्समध्ये आवाज मिसळायचा तर आधी उलगडावा लागतो, आणि ॲस्टेरिस्कमध्ये ओपस उलगडणारं मॉड्यूल वेगळी तयार बायनरी म्हणून उतरवावं लागतं. मेनूसिलेक्टमध्ये ती खूण करायची राहिली, की ब्राउझरकडून आलेला माणूस खोलीत शिरतो पण मुका राहतो.

फ्रीस्विच

ॲस्टेरिस्कवरच काम केलेले अँथनी मिनेसाले त्याच्या रचनेला कंटाळले आणि त्यांनी हे नव्याने लिहिलं. पहिली पक्की आवृत्ती २००८ ची. कॉन्फरन्स हाच उद्देश असेल तर माझं मत याच्या बाजूने झुकतं. बसवलं आणि ३००० फिरवलं की खोली तयार. ३० ने सुरू होणारे चार आकडी नंबर ८ किलोहर्ट्झच्या खोल्यांचे, ३१ चे १६, ३२ चे ३२ आणि ३३ चे ४८ किलोहर्ट्झचे; आकडा जितका मोठा तितका आवाज स्वच्छ. एकाच खोलीत कुणी टेलिफोन लाइनवरून, कुणी ओपसवरून आलं तरी ते बिनबोभाट जुळवून घेतं. ओपसचं मॉड्यूल सोर्ससोबतच येतं.

आता उणं. तयार पॅकेज हवं असेल तर सिग्नलवायर या फ्रीस्विचमागच्या कंपनीकडे खातं काढून टोकन घ्यावं लागतं, नाहीतर सोफिया-सिप, स्पॅनडीएसपी वगैरे लायब्ररी आधी स्वतः बांधा. आणि सगळं कॉन्फिगरेशन एक्सएमएलमध्ये. एक कोनी कंस निसटला की प्रोफाइल (सिप सेटिंगचा संच) उठतच नाही.

पहिल्यांदा बसवलं तेव्हा कॉल लावला की दहा सेकंद नुसती शांतता, मग खोली लागायची. नेटवर्क तपासलं, डीएनएस तपासलं, अर्धा दिवस गेला. शेवटी कन्सोल नीट वाचलं तर लाल अक्षरांत लिहिलेलं होतं, की मूळ पासवर्ड १२३४ तसाच आहे. तो बदलेपर्यंत डायलप्लॅन मुद्दाम दहा सेकंद थांबवतो. तेव्हा चिडलो होतो, आता कौतुक वाटतं. ५०६० पोर्ट इंटरनेटवर उघडलं की सिपचे कुलूप चाचपणारे स्कॅनर तासाभरात दारात असतात, आणि असे पासवर्ड ते आधी लावून बघतात. तिन्हीपैकी काहीही बसवा, फेलटूबॅन (चुकीचे पासवर्ड लावत राहणाऱ्यांना अडवणारं साधन) सोबत हवंच.

जिट्सी आणि जिगासी

बसवायला हे सगळ्यात सोपं. त्यांचं भांडार जोडा, दोन पॅकेज बसवा. जिगासी बसताना सिप खात्याचं नाव आणि पासवर्ड विचारतं, की झालं. ब्राउझरवाल्यांना काहीच बसवावं लागत नाही, आणि हा फायदा फार मोठा आहे.

पण जिगासी म्हणजे एक्स्चेंज नव्हे. ते एखाद्या सिप सर्व्हरवर फोनसारखं नोंद होतं आणि आलेला कॉल खोलीत नेतं. कोणत्या खोलीत, हे कॉलसोबत आलेल्या जिट्सी-कॉन्फरन्स-रूम या हेडरवरून ठरतं. तो नसेल तर सगळे एकाच ठरलेल्या खोलीत. ‘कृपया पिन दाबा’ म्हणणारा आवाज, पिनवरून खोली शोधणं, हे तुम्हीच उभं करायचं. म्हणजे पुढे पुन्हा ॲस्टेरिस्क किंवा फ्रीस्विच आलंच. ते पिन विचारणार, हेडर चिकटवणार आणि कॉल जिगासीकडे देणार. ‘यातलं एक निवडा’ असा हा प्रश्न दिसतो खरा, पण फोनवाले चार-पाचच्या वर गेले की तिसऱ्या पर्यायात पहिला किंवा दुसरा गुपचूप आत येतो.

जिट्सी आणि ॲस्टेरिस्क एकाच यंत्रावर ठेवणार असाल तर एक गोष्ट आधीच करा. ॲस्टेरिस्कच्या नमुना फायलीत आवाजाची पोर्ट १०००० ते २०००० आहेत आणि व्हिडिओब्रिज यूडीपी १०००० वरच बसतो. ही टक्कर रोज होत नाही, म्हणूनच ती सापडत नाही. ॲस्टेरिस्कची सुरुवात १०५०० वर न्या. फ्रीस्विचची १६३८४ पासून पुढे असतात, तिथे हा प्रश्न येत नाही.

तिघांचं सामायिक दुखणं

कुठलंही घ्या, एक संध्याकाळ नॅटमध्ये (राऊटर आतले पत्ते बाहेरच्या एका पत्त्यामागे झाकतो त्यात) जाणार. कॉल लागतो, घंटी वाजते, उचललाही जातो, पण आवाज एकाच बाजूने. कारण सिप फक्त बोलणी जमवतं, आवाज आरटीपी या आवाज वाहणाऱ्या पद्धतीच्या वेगळ्या वाटेने येतो. ती वाट कुठली, हे एसडीपीमधल्या (सिपसोबत जाणाऱ्या तपशिलातल्या) ‘सी’ने सुरू होणाऱ्या ओळीत लिहिलेलं असतं. पॅकेटांचं कॅप्चर (टिपलेली नोंद) उघडा आणि आधी तीच ओळ बघा. तिथे १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर तुमचा सर्व्हर बाहेरच्या माणसाला आपल्या घरातल्या खोलीचा नंबर सांगतोय, गल्लीचं नाव नाही. ॲस्टेरिस्कमध्ये ट्रान्सपोर्टखाली बाहेरचा सिग्नलिंगचा पत्ता, मीडियाचा पत्ता आणि आतलं नेटवर्क, अशा तिन्ही ओळी हव्यात. मी एकदा मीडियाची ओळ विसरलो होतो आणि दोन दिवस फायरवॉलला दोष देत होतो. फ्रीस्विचमध्ये प्रोफाइलमधले बाहेरच्या आयपीचे दोन पॅरामीटर, जिट्सीत ब्रिजला आतला आणि बाहेरचा पत्ता जोडीने सांगायचा. राऊटरमध्ये सिप एएलजी असेल तर तो बंद करा. मदतीच्या नावाखाली तो पॅकेटमधले पत्ते बदलून ठेवतो.

पिन दाबूनही सर्व्हर ढिम्म राहिला तर आकडे आवाजातून येताहेत की आरएफसी ४७३३ च्या पद्धतीने (वेगळ्या पॅकेटांतून), ते दोन्ही टोकांना सारखं करा. बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं.

बँडविड्थचा हिशेब सोपा आहे. जी-७११ चा (साध्या फोनच्या पद्धतीचा) आवाज सेकंदाला ६४ किलोबिटचा, पॅकेटांचे हेडर धरून ८०. वीस जण म्हणजे जाताना १.६ मेगाबिट, येताना तेवढंच. आजच्या लाइनला हे काहीच नाही. घात करते ती पॅकेटांची अनियमित चाल, वेग नव्हे.

एक उपद्रव मात्र कुठलाही गेटवे पुरता थांबवत नाही. कुणीतरी ऑफिसच्या फोनवरून येतो, मध्येच दुसरा कॉल घ्यायला आपल्याला होल्डवर टाकतो, आणि त्याच्या एक्स्चेंजचं संगीत भर बैठकीत सुरू होतं. गोंगाट गाळणारी सेटिंग इथे हात टेकतात, कारण ते संगीत त्यांच्या लेखी आवाजच असतो. इथे उपयोगी पडतो तो कन्सोलवरून एकाच सभासदाला पटकन गप्प करायचा आदेश. फ्रीस्विचमध्ये सभासदाचा छोटा क्रमांक टाकून हे जमतं. कॉन्फब्रिजमध्ये चॅनलचं लांबलचक नाव द्यावं लागतं. जिट्सीत सूत्रसंचालक माऊसने करतो, आणि तंत्रज्ञ नसलेल्या माणसाच्या हाती बैठक असेल तर तेच बरं.

तर मी काय करेन? ऑफिसात आधीच ॲस्टेरिस्कचं एक्स्चेंज असेल तर कॉन्फब्रिजच वापरेन, दुसरा सर्व्हर सांभाळत बसणार नाही. सगळे फोनवरून येणार, खोल्या बऱ्याच आणि कोरी पाटी असेल तर फ्रीस्विच. बहुतेक जण ब्राउझरवाले आणि एखाद-दुसरा फोनवाला असेल तर जिट्सी घेईन, जिगासीला एकच ठरलेली खोली देईन आणि पिनच्या वाटेला जाणार नाही.

पहिली चाचणी सर्व्हर ज्या नेटवर्कवर आहे तिथून करू नका, तिथे नॅटचे सगळे दोष झाकलेले राहतात. मोबाइल डेटावरचा सॉफ्टफोन घ्या. फ्रीस्विच असेल तर ९१९६ फिरवा, ॲस्टेरिस्कमध्ये एको नावाचं ॲप्लिकेशन एका नंबरला जोडा. तुमचंच ‘हॅलो’ कानात परत आलं, तर आवाजाची वाट दोन्हीकडून मोकळी आहे.